दारातले बूट

"आपा, बूट काढा ना," मी दर महिन्याला सांगायचे. पण आमच्या घरमालकीण, बुरुलचा नावाच्या या आपा, भाडं न्यायला तशाच बुटांनी आत यायच्या. "जमिनीवरच्या या फाटक्या लिनोलियमसाठी कशाला वाकू गं?" बिश्केकमध्ये कुणी वैऱ्याच्या घरातसुद्धा असं वागत नाही.

शेवटी आम्हीच पदरमोड करून सगळीकडे नवं लिनोलियम घातलं.

आज आपांनी न सांगता दारातच बूट काढले. नुसत्या मोज्यांनी खोलीभर फिरल्या, कोपरेसुद्धा पायाने दाबून बघितले. कुबात, माझा नवरा, हरखून कुजबुजला, "बघ, पहिल्यांदा या घराला मान दिला त्यांनी!"

मी आपांना विचारलं, "कधीपर्यंत खाली करायचं घर?"

"आधी चहा तर टाक," आपा म्हणाल्या. "माझ्या पोराचं लग्न काही उद्याच नाहीये."