चौथी हाक

"आई, धूर! या वेळी शंभर टक्के धूर!"

वायरलेसमधून लेकीचा आवाज असा फुटला की आईने आधी चॅनेल बघितला. दोन नंबरचा होता, म्हणजे कंट्रोल रूमला हे ऐकू गेलं नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला.

"हळू बोल गं. साहेबांना कळवलंस का?"

"नाही. तूच म्हणालीस ना, आधी मला सांग म्हणून."

"शहाणी माझी पोर."

वणव्यावर नजर ठेवायला दोन टेकड्यांवर दोन मनोरे होते. थोरल्या मनोऱ्यावर आईचा एकविसावा उन्हाळा चालू होता आणि धाकट्या मनोऱ्यावर लेकीचा पहिला दिवस. दिवसही अगदी निवडून मिळालेला! पारा सेहेचाळीसवर, गवत वाळून कडकडीत, आणि सकाळपासून वारा नुसता पिसाळलेला. आज एक ठिणगी पडली तर अख्खं खोरं पेटेल, असं रेडिओवर तासातासाला बजावत होते.

पोरीने मात्र बाराच्या आतच तीन वेळा बंब पळवले होते. पहिल्यांदा मेंढ्यांनी उडवलेली धूळ, दुसऱ्यांदा ट्रकने उडवलेली, आणि तिसऱ्यांदा कुणीच न उडवलेली. साहेब शेवटी कडाडले होते, "चौथ्यांदा खोटी हाक आली, तर बाईंनी संध्याकाळी किल्ली जमा करावी." साहेब बोलले की करायचेच. आणि या नोकरीसाठी पोरीने तीन वर्षं जिवाचं रान केलं होतं.

"नीट सांग. कसा दिसतोय?"

"करडा. बारीक. वाऱ्याने वाकलाय."

"बुडाशी रुंद की वर?"

"वर! वर पसरतोय."

आईच्या अंगावर काटा आला. धूळ बुडाशी रुंद असते. पहिल्याच दिवशी खरी आग, आणि ती आपल्या लेकीने टिपलेली! तिला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. दुर्बीण घेऊन ती खिडक्यांकडे धावली.

खोलीला चारही बाजूंनी काचा होत्या. फळ्यांची जमीन खांबांच्या बाहेर इतकी पुढे आलेली की वीस कोसांवरची चूल दिसावी, पण खालून शिडी कोण चढतंय ते कळू नये. एकदा साहेब न सांगता तपासणीला आले, तेव्हा बाईसाहेब मोठमोठ्याने गाणं म्हणत भांडी घासत होत्या, ते त्यामुळेच.

पूर्व कोरी. दक्षिण कोरी. उत्तरेला नुसत्या झळा. एरवी समोर ठसठशीत दिसणारा धाकटा मनोरासुद्धा झळांत टेकडीसकट विरघळला होता. पश्चिमेला काचेबाहेर गढूळ होतं. वारा सुटला की पायथ्याच्या कच्च्या रस्त्याची माती अशीच वर यायची. तिने काच फडक्याने पुसली, मातीला दोन शेलक्या शिव्या हासडल्या आणि पलीकडची दरी डोळ्यांत तेल घालून न्याहाळली. जळका वास येत होता, पण तो आठवडाभर येतच होता. मागच्या शनिवारी काळी झालेली दरी अजून निवली नव्हती.

"बाळा, मला तर काहीच दिसत नाही."

"असं कसं? तुला सगळे घार म्हणतात!"

"म्हणूनच सांगते. मातीच असणार. माझ्याकडेही काय उडतेय! काचा पुसून हात दुखले."

"आई, माती काळी होते का?"

आईने पुन्हा दुर्बीण उचलली. "काळी?"

"आत्ता झाली. सगळ्या टेकड्या झळांत एक झाल्यात, कुठली कुठे ते कळत नाही. पण तो वाढतोय, दिसतंय मला."

"कळवू नकोस. पाच मिनिटं दे."

पाचाची दहा झाली. आई चारही खिडक्यांतून गरगर फिरत राहिली. फळ्या तळपायांना चटके देऊ लागल्या तशा तिने चपला चढवल्या. घामाने दुर्बीण निसटत होती. कुठे आहेस रे, दिस ना एकदाचा! आगीसाठी इतकं गाऱ्हाणं तिने जन्मात घातलं नव्हतं. पण एकवीस वर्षांत तिने न दिसलेला धूर कधी कळवला नव्हता, आणि आज कळवला असता तर बुडाली असती ती पोर.

"आई, बस झालं," लेकीचा आवाज आता कापत नव्हता. "मी कळवतेय. नोकरी गेली तर गेली. खाली माणसं राहतात."

आईचा ऊर भरून आला. अशीच तर हवी होती तिला.

"थांब! दोघी मिळून कळवू. माझं नाव असलं की साहेब तुला हात लावणार नाहीत. दिशा किती अंश?"

विचारलं आणि तिने जीभ चावली. आधी अंश, मग बाकीचं, हे तिनेच कितीजणांना घोटून घोटून शिकवलं होतं. आज पोरीच्या नोकरीपायी पहिलाच प्रश्न शेवटी आला होता.

"दोनशे चौदा!"

"हं. आता बघ, दोन मिनिटांत नाव-गाव सांगते तुझ्या धुराचं. साहेब पेढे नाही तरी चहा पाजतील तुला!"

लेक हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

आईने टेबलावरच्या नकाशात धाकट्या मनोऱ्याच्या खिळ्याला बांधलेला दोरा उचलला, दोनशे चौदावर ताणून धरला आणि त्यावरून बोट फिरवायला लागली. ओढा गेला. मेंढवाडा गेला. कच्चा रस्ता गेला. मग बोट दुसऱ्या एका खिळ्याला अडलं, आणि तो खिळा थोरल्या मनोऱ्याचा होता.