स्वेटर घातलास का?

कुशनं तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना.

समोर दोन्ही टीम वाकून तयार होत्या. वेल्समधल्या कार्डिफच्या एका युनिव्हर्सिटीची ही अमेरिकन फुटबॉलची टीम, आणि मिल्टन कीन्सच्या राजीव पटवर्धनांचा मुलगा कुश तिचा क्वार्टरबॅक. म्हणजे डाव ठरवणारा तो आणि चेंडू फेकणाराही तोच. युनिव्हर्सिटीतलं शेवटचं वर्ष, वर्षातला शेवटचा सामना, सामन्यातला शेवटचा डाव. टीम चार पॉइंटनी मागे होती. पलीकडच्या पट्ट्यात आपल्यातल्या कुणी चेंडू झेलला तर लीग जिंकली, नाहीतर सगळं संपलं. चेंडू उजवीकडे फेकायचा असं ठरलं होतं. पण समोरची पोरं सगळी उजवीकडेच सरकली होती आणि डाव्या टोकाला टीममधला ऑवेन एकटा मोकळा उभा होता. डाव बदलायला एक आरोळी पुरेशी होती.

ती आरोळी होती, "स्वेटर घातलास का?"

हे सुरू झालं पहिल्या वर्षी. तेव्हा ही मंडळी रंग आणि आकडे ओरडून ऐनवेळी डाव बदलायची, आणि समोरच्यांना अर्ध्या सामन्यातच ते कळून चुकायचं. मग एका रविवारी, मॅचच्या आधी, चेंजिंग रूममध्ये कुशच्या बाबांचा फोन आला. तो दर रविवारी यायचाच. कुशनं गंमत म्हणून स्पीकर लावला. बाबांनी सवयीप्रमाणे आधी चांगलं खाकरून घेतलं आणि विचारलं, "स्वेटर घातलास का?" मग म्हणाले, "थंडीचं दही खाऊ नकोस." मग, "पोटभर जेवत जा रे." पोरांना अक्षर कळलं नाही, पण त्या सुरावर ती हसून हसून लोळली. फोन ठेवल्यावर कुशनं तिथल्या तिथे बाबांची नक्कल करून दाखवली, खाकरण्यासकट. इतकं डोक्यावर त्याला तोपर्यंत कुणी घेतलं नव्हतं.

झालं, टीमला हवी ती गुप्त भाषा मिळाली. स्वेटर म्हणजे डावीकडे लांब फेक. दही म्हणजे चेंडू घेऊन पळत सुटायचं. या सगळ्या प्रकाराला टीमनं नावच 'बाबा' ठेवलं. पुढे पुढे तर पबमध्येसुद्धा ही वेल्श पोरं खाकरून एकमेकांना स्वेटर विचारायची, आणि सगळ्यांत मोठ्यानं कुश हसायचा. दर रविवारी फोन यायचा, दर रविवारी स्पीकर लागायचा. बाबा बिचारे मन लावून बोलत राहायचे.

त्यांना मॅचला मात्र त्यानं कधी येऊ दिलं नाही.

"खूप लांब आहे, बाबा. बोअरिंग पण आहे. अँड इट्स फ्रीझिंग."

"बरं," बाबा म्हणायचे. विषय तिथेच संपायचा.

आणि आता डाव्या टोकाच्या अगदी मागे, कठड्याला टेकून, मफलर गुंडाळून आणि काखेत थर्मास धरून बाबा उभे होते. इथून ओरडलं की शब्द न् शब्द त्यांच्या कानावर जाणार होता.

"कॉल बाबा, मेट," शेजारचा पोरगा पुटपुटला. "कॉल बाबा!"

आजवर कुशला लाज वाटायची ती बाबांची. त्यांच्या मफलरची, त्यांच्या खाकरण्याची, चारचौघांत दही-स्वेटर करण्याची. आज त्याला स्वतःची लाज वाटली. त्या माणसाच्या तोंडावर त्याचीच नक्कल करायची? पोरांच्या हशासाठी आपण कुणाला विकत होतो, ते त्याला एका क्षणात दिसलं.

त्यानं आरोळी दिलीच नाही. चेंडू हातात आला आणि ठरल्याप्रमाणे त्यानं तो उजवीकडे फेकला. तिथे तिघं टपूनच होते. एकाचा हात लागला, चेंडू चिखलात पडला आणि शिट्टी वाजली.

ऑवेन हेल्मेट काढून धावत आला. "आय वॉज ऑन माय ओन, मेट! व्हाय डिडन्ट यू कॉल इट?"

मान खाली घालून कुश कठड्यापाशी गेला. बाबांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्याच्यापुढे धरला.

"सॉरी, बाबा. तुम्ही फर्स्ट टाइम आला, आणि आम्ही हरलो."

"पहिल्यांदा नाही रे." बाबांनी मैदानामागच्या कार पार्ककडे बोट दाखवलं. मध्ये फक्त झुडपांची एक रांग होती. "इथली एकही मॅच चुकवली नाही मी. फोन तिथूनच करायचो. मग गाडीशेजारी उभा राहायचो, मॅच संपेपर्यंत. तुला आवडत नाही ना, म्हणून पुढे आलो नाही. आज शेवटची, म्हटलं जरा जवळून बघू. चुकलंच माझं."

कुशनं झुडपांकडे वळून पाहिलं. झुडपांपलीकडे एवढीशी शिट्टीसुद्धा स्वच्छ ऐकू जात होती, आणि तो तर दर मॅचला छाती फोडून ओरडत आला होता.

"म्हणजे तुम्ही... सगळं ऐकलं?"

बाबांनी खाकरून घसा साफ केला.

"स्वेटर म्हणायचंस की रे," ते म्हणाले. "ऑवेन मोकळा होता."