सासूपुढची मर्यादा

माझी सून हर्षला हिचं अपेंडिक्स फुटलं आणि पोटभर पू झाला. पोट पाटासारखं कडक होईस्तोवर बाई कडावच्या घरात निमूट भाकऱ्या थापत होती. कर्जतला डॉक्टरांनी पोट उघडून आतून धुतलं. म्हणाले, "वारा सरला की आतडी जागी झाली समजायचं. तोवर पाण्याचा थेंबही द्यायचा नाही." मी तिच्या उशाशी ठाण मांडलं.

डॉक्टर रोज विचारायचे, "गॅस पास झाला का?" तिनं तोंड उघडायच्या आत मीच सांगायची, "आमच्यातल्या सुना सासूपुढं असलं काय करत नाय."

शेवटी डॉक्टर म्हणाले, "आज नाही झालं, तर पोट पुन्हा उघडावं लागेल." हर्षला माझ्याकडं बघून रडायलाच लागली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

डॉक्टर दाराशी पोचायच्या आत मी पदर सावरला, एका अंगाला कलले आणि वॉर्डभर ऐकू जाईल असा सोडला.

"बघ, आता कसली सासू नि कसली सून," मी म्हणाले. "हो गं मोकळी."

संध्याकाळी तिला दोन चमचे पाणी मिळालं. मला मात्र डॉक्टरांनी वॉर्डाबाहेर बसवलं.