टॉलिव्हरचा मासा

रांग कोपऱ्यावरच्या लाँड्रीच्याही पुढे गेली होती. लव्हिनिया टॉलिव्हरने झाऱ्याने माशाचे तुकडे उचलले, निथळले आणि पावाच्या स्लाइसवर टाकले. वर पाहिलं, तर एक अनोळखी मुलगी काउंटरवर ओणवी होऊन फोन पुढे धरून उभी.

"मॅडम, आम्ही थेट नॅशव्हिलहून आलोय. तुमचं दुकान वाचवायला. दोन शब्द बोला ना."

"बाजूला हो," लव्हिनिया म्हणाली.

गेल्या शुक्रवारी तिने नेहमीच्या गिऱ्हाइकांना सांगितलं होतं, महिनाअखेरीला दुकान बंद करतेय, गुडघे साथ देत नाहीत. तिला वाटलं, लोक हळहळतील, चार दिवस तोंड पाडतील आणि विसरून जातील. पण तिची भाची जॉरेल ऐकणारी नव्हती. जॉरेल हायस्कुलात इतिहास शिकवायची. तिने दारावर भलंमोठं कापड लावलं, 'टॉलिव्हरचा मासा वाचवा'. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबा लव्हिनियावर बोलले. नगरसेवक येऊन फोटो काढून गेला आणि भिंतीवर पितळी पाटी लावायचं आश्वासन देऊन गेला. त्याने मासा खाल्ला नाही. आज कॉलेजची पोरं ढोल घेऊन आली होती. आणि दर शुक्रवारी येणारी म्हातारी माणसं लांबूनच रांग बघून घरी परतत होती, हे लव्हिनियाला खिडकीतून दिसत होतं.

जॉरेलचंही खोटं नव्हतं. ऑरेंज माउंड या काळ्यांच्या वस्तीतलं बूट दुरुस्तीचं दुकान गेलं, रेकॉर्डचं गेलं, औषधांचं गेलं. काळ्या माणसाचं एक दुकान मिटलं की तिथे बाहेरचं कुणीतरी येऊन कुत्र्यांना आंघोळी घालायचं दुकान काढायचं. लव्हिनियाच्या जागेसाठीही दोघं जण विचारून गेले होते.

शेजारचा न्हावी सीफस बोल्डन कात्री हातात घेऊनच आत आला.

"लव्हिनिया, तू गेलीस तर ही गल्ली गेली बघ. तुझा मासा म्हणजे आपली संस्कृती आहे."

"संस्कृतीचे खवले काढलेस का कधी, सीफस?"

रांगेत हसू फुटलं. ते हसणं ऐकून मात्र तिचं डोकं फिरलं. तिने गॅस बारीक केला, झारा ठेवला आणि हात पुसत दारात येऊन उभी राहिली. ढोल थांबले. पन्नासेक फोन तिच्याकडे वळले.

"दुकान वाचवायचंय ना तुम्हाला? बरं. उद्यापासून रोज पहाटे मासे साफ करायला कोण येतंय?"

फोन हळूहळू खाली गेले. नॅशव्हिलची मुलगी आपल्या नखांकडे बघायला लागली. सीफसला एकदम आठवलं की आपलं गिऱ्हाईक अर्धं भादरून खुर्चीत बसलंय. जॉरेल कापडाखाली उभी होती. तीही दोरीची गाठ चाचपायला लागली.

"वाटलंच," लव्हिनिया म्हणाली आणि पुन्हा कढईपाशी गेली.

संध्याकाळी मासा संपला, गर्दी पांगली. जॉरेल शिडीवर चढून कापड काढत होती.

"आत्या, पहाटे म्हणजे किती वाजता?"

"तुझी शाळा आहे."

"सुट्टी लागतेय. पुढचं पुढे बघू."

"हात भाजतात. केसांचा वास जात नाही. नवरा कुरकुर करेल."

"त्याला मी बघते. वेळ सांग."

महिनाअखेर आली आणि गेली, दुकान बंद झालं नाही. लव्हिनिया वैतागून शिकवायची. पीठ जास्त, तेल थंड, तुकडा जाड, हे काय, हे असं धरतात होय सुरी? जॉरेल चिडायची, रडायचीही, पण दुसऱ्या दिवशी हजर असायची. एकदा मासे चिरताना तिने विचारलं, "तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. दुकान सासूचं. ती गेली, मग तिचा मुलगा, माझा रूफस, चालवायचा. तो गेला त्या आठवड्यात मी कुलूप लावायला आले, तर दाराबाहेर लोक उभे. शुक्रवार होता ना, माशाचा दिवस. कुणी काही मागितलं नाही, नुसते उभे होते. म्हटलं, आजच्यापुरतं तळू."

उन्हाळा सरता सरता जॉरेलने शाळेत राजीनामा दिला. तिने स्वतःच्या हाताने दुकान चालवायचा पहिला शुक्रवार आला. रांग मोठी नव्हती, पण सगळी ओळखीची माणसं होती. रविवारी चर्चला घालायची ती टोपी घालून लव्हिनिया गिऱ्हाइकासारखी पुढच्या दाराने आत आली. सीफसने खिडकीजवळची खुर्ची ओढून दिली. पहिला घाणा निघाला. त्यातला सगळ्यात चांगला तुकडा जॉरेलने ताटलीत घातला, दोन स्लाइस लावल्या, तिखट सॉसची बाटली ठेवली आणि ताटली आत्यापुढे आणली. सगळं दुकान बघत होतं.

लव्हिनियाने तुकडा काट्याने मोडून पाहिला. वाफ आली. आत पांढराशुभ्र, वर कुरकुरीत.

"छान झालाय," ती म्हणाली आणि ताटली सीफसकडे सरकवली.

जॉरेलचा चेहरा पडला. "खाऊन तरी बघ, आत्या."

"मी मासा खात नाही."

"आज उपास आहे?"

"उपास कसला. मला आवडतच नाही. वासानेच नकोसं होतं. पहिल्या दिवसापासून."

सीफसने तोंडाशी नेलेला घास तसाच धरला होता.

"मग एवढी वर्षं का तळलास?" जॉरेलने विचारलं.

लव्हिनियाने तिच्याकडे पाहिलं, तिने कच्चा तुकडा बाहेर काढला की बघायची तसंच.

"तुम्हाला आवडतो ना, म्हणून."