आखाड्यावरचं कुत्रं

दत्तरावांनी नवाबच्या गळ्यात दोरी अडकवली, तेव्हा शिवकन्या ओसरीवरचा गाळ खुरप्यानं खरवडत होती.

"मामा, कुठं न्यायलाव त्याला?"

"सटवाजीकडं. मेंढरं घेऊन डोंगराकडं जायलाय तो. त्याला कुत्रं पाहिजे."

सुनेनं खुरपं खाली ठेवलं. मग ते उचलून ती पुन्हा गाळ खरवडू लागली.

पूर ओसरून तेवीस दिवस झाले होते. सोयाबीन उभं कुजलं होतं, कापसाची बोंडं काळी पडली होती, विहीर गाळानं भरली होती. त्याचं दत्तरावांना काही वाटत नव्हतं. गोदावरीनं त्यांचा एकुलता एक लेक नेला होता. तिसऱ्या दिवशी अमृत सापडला, खालच्या अंगाच्या बाभळीत अडकलेला.

नवाबला अमृतनंच मानवतहून आणलं होतं, बसमध्ये शर्टाच्या आत लपवून. पिल्लू आखाड्यावर, शेतातल्या पत्र्याच्या खोलीपाशी, बांधलेलं असायचं. दत्तराव रोज तिथंच झोपायला जात. नवाब त्यांच्या खाटेखाली पडून राही.

पाणी चढलं त्या दिवशी दत्तराव सोनपेठच्या बाजाराला गेले होते. परतताना ओढा भरून आला, म्हणून माळावरच्या बन्सीधरकडं थांबले. टॉवर बंद पडल्यानं फोन लागत नव्हते. बन्सीधरनं पिठलं-भाकर वाढली. जेवून दत्तराव बिनघोर झोपले.

सकाळी चिखल तुडवत आले, तर सारं गाव शाळेत होतं. अमृत तेवढा नव्हता. दिवस मावळायच्या आत तो आखाड्याकडं पळत गेल्याचं चौघांनी पाहिलं होतं. बैल तर आदल्या दिवशीच माळावर हलवले होते. मग तिकडं राहिलं होतं काय? शाळेच्या पायरीवर नवाब बसला होता, अंगानं कोरडा. दत्तरावांना पाहून तो शेपूट हलवत धावत आला. त्यांनी त्याला लाथेनं उडवलं.

"ह्याला सोडायला माझं लेकरू गेलं," भेटायला येईल त्याला ते सांगत. शिवकन्या मुकाट्यानं ऐकून घेई. नवाबला मात्र ती रोज भाकर घाली, आणि दत्तरावांना ते सहन होत नसे.

सटवाजीचा वाडगा, मेंढरं कोंडायचं काटेरी कुंपण, गावाबाहेर गायरानात होता. वाटेत नवाब दोनदा थांबला, दोनदा त्यानं दत्तरावांचा हात चाटला. त्यांनी हात धोतराला पुसला.

सटवाजीनं पिलाचं तोंड उघडून दात पाहिले. कुत्रं जातिवंत आहे म्हणाला. मग दोरी हातात घेता घेता त्यानं हळूच विचारलं, "लेकराची याद हाय ही. कशाला देता?"

"म्हणूनच देतो."

ते वळले. मागं नवाब केकाटत राहिला. वळणापर्यंत तो आवाज येत होता. दत्तरावांनी मागं पाहिलं नाही. ओढ्यापाशी मात्र ते जरा वेळ खाली बसले. छातीवरचं ओझं उतरेल असं त्यांना वाटलं होतं. ते होतं तिथंच होतं.

घरी आले तेव्हा ओसरी स्वच्छ झाली होती. शिवकन्येनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"दिलं?"

"दिलं. आता त्याचं तोंड बगायला नको. ते आखाड्यावर नसतं, तर अमृत आज..."

शिवकन्या खांबाला टेकून खाली बसली.

"एक सांगायचंय मामा. आजवर गप होते. पण मुकं जनावर हकनाक घराबाहेर गेलं."

"काय?"

"नवाब त्या दिवशी आखाड्यावर नव्हता. दुपारीच मी त्याला सोडून आणलं होतं. शाळेत तो ह्यांच्याच मांडीवर होता."

दत्तरावांनी तांब्या खाली ठेवला.

"मग अमृत कशाला गेला तिकडं?"

शिवकन्येनं पदर तोंडाशी धरला.

"तुमी बाजारातून परस्पर आखाड्यावर येऊन निजला आसाल, आसं मीच म्हणले. ते तुमाला आणायला गेल्ते."