तुळशीची साक्ष

ठाकुर्लीच्या त्या चाळीत कुणाची सून कधी बाजूला बसते, हे साऱ्या बायकांना ठाऊक असे. सुमेधा या महिन्यात बसलीच नव्हती. रोज तुळशीला पाणी घालत होती. सासूबाईंना ते काही पटेना. त्यांनी तिचा हात ओढून बोटं हुंगली. मंजिऱ्यांचा ताजा वास आला.

"आजही शिवलीस? खरं सांग हं. लपवत असशील तर तुळस जळून जाईल."

सुमेधाने मान खाली घातली. "मला दिवस गेलेत, सासूबाई."

सासूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी तिच्या हातातला तांब्या काढून घेतला. "आता वाकू नकोस. पाणी मी घालीन. आणि टेंभी नाक्यावर तुझ्या वडिलांना निरोप धाडते. मूल होत नाही तर मुलीला कायमची घेऊन जा म्हटलं होतं, ते राहू दे म्हणावं."

त्या आत गेल्या. सुमेधा चार पावलं मागे सरली आणि लांबूनच तिने हात जोडले.

"तुळशीआई, विटाळातच शिवले गं तुला. आता एवढंच कर. सुकू नकोस."