अळणी पाणी

नदीला पूर आला आणि खाडीचं पाणी अळणी झालं. म्हाताऱ्याने टोपल्यांत वाढवलेली कालवं तोंड मिटून बसली आणि उपाशी राहून मरायला लागली. मत्स्य केंद्रातली तपासनीस आली. तिने एक कालव फोडून आतलं फुगलेलं, पाणचट मांस दाखवलं.

"गोडं पाणी वर तरंगतं, काका. खाली अजून खारट आहे. टोपल्या खोल सोडा."

मग ती रोज सकाळी यायची, पाणी तपासायची, त्याच्याबरोबर दोर धरायची. बायको गेल्यापासून पालथा पडलेला दुसरा कप पुन्हा वापरात आला. गप्पा आधी कालवांच्या झाल्या, मग तिच्या आईच्या गुडघ्यांच्या, मग कशाच्याही. निम्मी कालवं गेली, निम्मी तगली.

"पाण्यात मीठ परतलं," एके दिवशी ती म्हणाली. "आता मी यायची गरज नाही. हे यंत्र बांधून ठेवते. खारटपणा मला ऑफिसात बसून दिसेल."

"बरं झालं," तो म्हणाला.

कालवं तोंड उघडून खायला लागली. तो मात्र कितीतरी दिवस कुणाशी चकार शब्द बोलला नव्हता. शेवटी त्याने तिला फोन लावला.

"पाणी पुन्हा अळणी लागतंय गं."

"थांबा, बघते." पलीकडे बटणं वाजली. "इथे तर अगदी ठीक दिसतंय, काका."

त्याने पुन्हा पालथा पडलेला दुसरा कप उगाच सरळ केला.

"यंत्रच बिघडलं असणार," ती म्हणाली. "उद्या सकाळी येते."